टेम्पोने मागून ठोकलं, क्लेम टाकू की नको? ॲप, सर्व्हेअर आणि चिपळूणच्या गॅरेजचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. ॲपला पाचपैकी अडीच, कॉल सेंटरला एक, सर्व्हेअरला (कंपनीच्या वतीने नुकसान तपासायला येतो तो) चार, गॅरेजला साडेतीन (अर्धा का कापला ते खाली येईल). कंपनीचं नाव लिहीत नाहीये, टीव्हीवर सारखी जाहिरात दिसते त्यातली एक खासगी कंपनी आहे एवढं धरा, गॅरेजवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाकीच्यांचंही थोडंफार असंच असतं.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीची, चौथं वर्ष चालू. पॉलिसी फुल्ल, म्हणजे थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर) अधिक ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान), पण झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर, नाही. गणपतीच्या आधीची गर्दी, चिपळूणजवळच्या सावर्ड्याच्या अलीकडे डायव्हर्जन, पाऊस. मुंबई-गोवा हायवेचं काय चाललंय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पुढची मुंबईची गाडी खड्डा बघून एकदम थांबली, मी थांबले, मागचा टेम्पो थांबला नाही. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. टेम्पो चालवणारा विशीतला पोरगा, पांढराफटक पडलेला, म्हणाला ताई मालकाशी बोला. मालक फोनवर म्हणे मॅडम चार हजार देतो, फक्त एका कागदावर लिहून द्या की काही तक्रार नाही. मी म्हटलं कागद बिगद काही नाही, टेम्पोच्या नंबर प्लेटचा, लायसनचा आणि टेम्पोच्या इन्शुरन्सचा फोटो काढून द्या, बाकी नंतर बघू.

आता ॲप. ॲप उघडलं की पहिल्याच स्क्रीनवर मोठ्ठं बटण, क्लेम करा. दाबलं की फोटो मागतं, मग जागा मागतं, मग लिंक पाठवतं आणि सांगतं व्हिडिओ काढत गाडीभोवती फिरा. सावर्ड्याच्या त्या टापूत रेंजचा एक दांडा येत जात असतो, व्हिडिओ अर्ध्यात अडकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे डिझाइन करणाऱ्याने कधी पावसाळ्यात खेडच्या खाली गाडी आणलेली नसणार. पण अडीच मार्क कापले ते रेंजसाठी नाही. कापले कारण त्या ॲपमध्ये एवढी माहिती आहे, माझा एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती, प्रीमियम किती, गाडीचं वय किती, सगळं त्यांच्याकडे आहे, तरीही हा क्लेम टाकल्यावर तुमच्या हातात अंदाजे एवढे येतील आणि पुढच्या रिन्यूअलला एवढे जास्त जातील हे एका ओळीत कुठेही सांगत नाही. नेमकं तेवढंच मला हवं होतं.

कॉल सेंटरला विचारलं. तिकडची मुलगी गोड बोलत होती पण हिंदीत, आणि सावर्डे कुठे आलं ते तिला कळेना, शेवटी नियरेस्ट सिटी कोल्हापूर टाकू का म्हणाली. कोल्हापूर! मध्ये अख्खा घाट आहे बाई. मग एफआयआर झाला का विचारलं. कोणाला लागलेलं नसेल, गाडी चोरीला गेलेली नसेल, तर बंपरच्या क्लेमला बहुतेक वेळा एफआयआर लागत नाही, हे मीच तिला सांगितलं. क्लेम केला तर एनसीबीचं किती नुकसान होईल या प्रश्नाला उत्तर आलं, मॅम आपको क्लेम रजिस्टर करना है या नहीं. एक मार्क दिलाय तो फोन लगेच उचलला म्हणून.

चूक टेम्पोची, तरी एनसीबी माझाच जाणार, हे खूप जणांना माहीत नसतं म्हणून जरा थांबून लिहिते. आपल्याकडे स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी स्वतःच्या कंपनीकडे क्लेम टाकला की चूक कोणाची होती हे एनसीबीला काही देणंघेणं नसतं. पैसे उचलले की बोनस शून्यावर. दुसरा रस्ता म्हणजे टेम्पोच्या थर्ड पार्टी पॉलिसीवर दावा, त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे कोर्टाच्या खेपा, वकील, आणि अर्ज सहा महिन्यांच्या आत. कोणी जखमी असेल तर तो रस्ता धरलाच पाहिजे, तिथे पोलिसांत कळवणं वगैरे पण कायद्याने बंधनकारक आहे, त्यात हिशोब करत बसायचं नसतं. पण बंपरसाठी कोण जातंय.

तर हिशोब. हा मला करून दिला आमच्या जुन्या एजंट काकांनी, ज्यांच्याकडून मी गेली दोन रिन्यूअल घेतलेली नाहीत, ॲपवर हजारभर स्वस्त पडलं म्हणून. तरी फोन उचलला आणि पहिलं वाक्य काय, "अगो, कोणाला लागलं नाही ना? मग घाई नको करूस. बंपर काढल्याशिवाय काय ते कळणार नाही." काकांना मार्क देत नाही, त्यांनी पैसे घेतले नाहीत तर सर्व्हिसमध्ये कसं धरायचं.

काकांचा हिशोब असा. एनसीबी पहिल्या बिनक्लेमच्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०, त्याच्या वर जात नाही. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर, थर्ड पार्टीवर नाही (माझ्या गाडीला थर्ड पार्टी ३,४१६, तो दर सरकार ठरवतं, त्यात कोणी सूट देत नाही). मला सध्या ३५ मिळतोय, पुढच्या रिन्यूअलला ४५ झाला असता आणि नंतर ५०. क्लेम केला तर पुढच्या वेळी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ करत पुन्हा पन्नासला पोचायचं. दोन्ही रांगा शेजारी लिहिल्या आणि वजाबाकी केली तर फरक येतो ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२०. म्हणजे एका क्लेमची किंमत एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापटीच्या आसपास, आणि ती एकदम नाही तर पाच वर्षांत हळूहळू कापली जाते, म्हणून तर कोणाच्या लक्षात येत नाही. लोक फक्त पुढच्या वर्षीचं बघतात आणि म्हणतात साडेतीन हजारच तर जातायत.

माझा सूट धरण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता आठ हजार. गाडी जुनी होत जाते तशी आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) उतरते आणि हप्ताही थोडा उतरतो, तो धरून आणि वर १८ टक्के जीएसटी लावून काकांनी आकडा काढला साधारण साडेदहा हजार. तुमची गाडी नवीच असेल, पहिलंच वर्ष असेल आणि एनसीबी सुरूच झाला नसेल, तर हीच बेरीज ५० टक्के येते, म्हणजे क्लेम तुलनेने स्वस्त पडतो. सगळ्यात जास्त जपायला लागतं ते ४५-५० वाल्यांना.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे हातात किती येणार, आणि इथेच लोकांची खरी फसगत होते कारण त्यांना वाटतं बिल चौदा हजार म्हणजे कंपनी चौदा हजार देणार. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर सरळ ५० टक्के कट, गाडी किती का नवी असेना. पत्र्यावर वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच वर्षांच्या पुढे ४०. काचेवर काही नाही. पेंटिंगच्या बिलातला पाव हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. मजुरी पूर्ण. आणि एवढं सगळं करून शेवटी कम्पल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, १५०० सीसीपर्यंत एक हजार, त्यावर दोन हजार.

गॅरेजने वरवर बघून पहिलं एस्टिमेट दिलं १३,८००. बंपर ४,२००, टेल लॅम्प २,८००, पेंटिंग ५,०००, मजुरी १,८००. बंपर आणि लॅम्पचे निम्मे, पेंटिंगचे ६२५ गेले, हजार डिडक्टिबल गेले, हातात राहतात ८,६७५. आणि त्याबदल्यात घालवायचे साडेदहा हजार. वर टेम्पोवाला चार हजार द्यायला तयार. खेर्डीचा एक मिस्त्री तर हेच काम बाहेरचा बंपर घालून नऊ हजारात करतो म्हणाला. एवढ्यावर निर्णय घ्यायचा असता तर क्लेम अजिबात नको, चार हजार घ्या, नऊ द्या आणि मोकळे व्हा.

पण काकांचं ते बंपर काढल्याशिवाय वालं वाक्य डोक्यात होतं. म्हणून टेम्पोवाल्याकडून एक रुपया घेतला नाही, क्लेम फक्त कळवून ठेवला आणि गॅरेजला सांगितलं आधी खोला. कळवून नंबर पडला म्हणजे एनसीबी गेला असं नसतं बरं का, पैसे उचलले तर जातो. मागे घ्यायचा झाला तर लेखी घ्या, ईमेल करा, आणि पैसे न देता बंद झाला असं त्यांच्याकडून उत्तर मागून ठेवा, नाहीतर रिन्यूअलला भांडत बसावं लागतं. कळवायला वेळ लावू नये हे खरंच, पण समजा एखाद दुसरा दिवस झाला म्हणून कोणी थेट नाही म्हणत असेल तर त्यांना विमा नियामकाच्या २०११ च्या परिपत्रकाची आठवण करून द्या, नुसत्या उशिराच्या कारणावर खरा क्लेम नाकारू नका असं त्यात स्पष्ट सांगितलंय.

सर्व्हेअर आले रेनकोट घालून बाइकवरून, भर पावसात, पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं कमी. चार मार्क यांनाच. बंपर खाली ठेवलेला होता, टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाले, "ताई, बॅक पॅनल आत गेलंय. डिकी लावून बघा." डिकी एका बाजूने लागतच नव्हती, आणि हे वरून कोणाला दिसलं नव्हतं. मग नवं एस्टिमेट, बॅक पॅनल ६,५००, डिकीचं झाकण ११,०००, डेंटिंगची मजुरी ७,०००, पेंटिंग वाढून आणखी ६,०००. एकूण बिल ४४,३०० वर गेलं. त्यातलं कापाकापी करून मिळणारे ३४,०५०.

आता चौतीस हजार एका बाजूला आणि साडेदहा दुसऱ्या बाजूला, विचार करायला उरलंच काय. क्लेम टाकला. शेवटी जुन्या पत्र्याचे स्क्रॅप म्हणून पाचशे पन्नास कापले, त्यावर मी वाद घातला नाही. बाकी सगळं कॅशलेस झालं, म्हणजे कंपनीने गॅरेजला थेट पैसे दिले, माझ्या खिशातून कट झालेले तेवढेच गॅरेजला भरले. पहिल्या दिवशी चार हजार घेऊन तो कागद लिहून दिला असता तर काय झालं असतं ते सर्व्हेअरना विचारलं. म्हणाले कंपनीला टेम्पोवाल्याच्या कंपनीकडून पैसे वसूल करायचा हक्क असतो, तुम्हीच मिटवलं लिहून दिलंत तर आमच्याकडचा क्लेम अडकतो. टेम्पोच्या मालकाला हे सांगितल्यावर त्याने पुन्हा फोन केला नाही.

चौथा मार्क सर्व्हेअरना दिला तो आणखी एका गोष्टीसाठी. माझ्या डाव्या दरवाजावर आधीचा एक ओरखडा आहे, आमच्याच गल्लीतल्या जांभ्याच्या गडग्याची कृपा. गॅरेजचा ॲडव्हायझर मला हळूच म्हणाला, मॅडम क्लेम होतोयच तर दरवाजाही आत घालू, कोणाला कळतंय. याच्यासाठी गॅरेजचा अर्धा मार्क गेला. सर्व्हेअरनी ओरखड्याकडे नुसतं बोट दाखवून सांगितलं, हे यातलं नाही, घालायचं तर वेगळा अपघात, वेगळा क्लेम, वेगळे हजार कट. मागून बसलेल्या धडकेत पुढचा दरवाजा कसा घासेल हो.

गॅरेजचं काम मात्र चांगलं आहे. चिपळूणमधलं अधिकृत सर्व्हिस सेंटर, कंपनीच्या कॅशलेस यादीतलं. रंग जुळलाय, उन्हात बघितलं तरी कळत नाही. डिकीचं रबर पहिल्या वेळी नीट बसलं नव्हतं, पाणी आत यायला लागलं, परत नेल्यावर न कुरकुरता बदलून दिलं. बाकीचा एक मार्क गेला तो वेळेसाठी. गणपतीत गॅरेजमध्ये चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग आणि डेंटर स्वतः गावाला, गौरी जेवून विसर्जन झाल्याशिवाय तो येणार नाही हे उघड आहे आणि त्याला कोणी बोलूही नये, पण ॲडव्हायझरने हे पहिल्याच दिवशी सांगायचं की, रोज उद्या उद्या कशाला. सणाच्या तोंडावर ठोकली असेल आणि गाडी चालत असेल तर कळवून, फोटो काढून, सर्व्हे करून ठेवा आणि काम नंतर टाका, असं मला विचाराल तर सांगेन.

आता कोकणातल्या म्हणून काही गोष्टी, ज्या काकांशी बोलताना निघाल्या.

नारळ पडला, फांदी पडली, वादळात शेजाऱ्याचा पत्रा उडून आला, हे सगळं ओन डॅमेजमध्ये बसतं. पण नारळाने बॉनेटला एकच खळगा पडला असेल तर वरचा हिशोब करा, बहुतेक वेळा क्लेम न केलेला बरा. पुढची काच फुटली असेल तर उलट, काचेवर घसारा कापत नाहीत, तेव्हा आकडा मोठा असेल तर विचार करण्यासारखं आहे.

पूर आला तर गोष्टच वेगळी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा काकांकडे जेवढे क्लेम आले त्यात रडारड झाली ती ज्यांनी पाणी ओसरल्यावर चावी फिरवली त्यांची. इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारलं की आतलं वाकतं, आणि ते पुराने नाही तुमच्या स्टार्ट मारण्याने झालं असं कंपनी म्हणते. चावी लावायची नाही, गाडी ढकलत किंवा टो करून न्यायची. टोइंगचे साध्या पॉलिसीत १,५०० पर्यंत मिळतात, आपल्याकडच्या अंतराला ते पुरत नाहीत हा भाग वेगळा. चिपळूण, राजापूर, महाड अशा ठिकाणी राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन घ्या, बाकी काही घेतलं नाही तरी चालेल. आणि पुरात बुडालेल्या गाडीला एनसीबीचा हिशोब लावत बसू नका, सरळ क्लेम.

तिसरं जरा नाजूक आहे. सिझनला पांढऱ्या पाटीची गाडी गणपतीपुळे, दापोली भाड्याने फिरवणारे आपल्याकडे कमी नाहीत, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये पण खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर चालत नाही. त्या फेरीत अपघात झाला आणि पर्यटकाने सर्व्हेअरला सहज सांगितलं की आम्ही अमुक रुपये दिलेत, तर क्लेम तिथेच संपतो.

आणि कोणी सुचवेल की क्लेम झाला तर दुसऱ्या कंपनीत जा, तिथे एनसीबी आहे म्हणून टिक करा. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते, आणि खोटं सापडलं तर पुढचा मोठा क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. अडीच-तीन हजारांसाठी कोण करेल ते.

रिन्यूअल आत्ताच झालं. ॲपने एनसीबी शून्य बरोबर दाखवला, त्याबद्दल काही तक्रार नाही. यावेळी झिरो डेप घेतलं, ते असतं तर पार्ट आणि पेंटचे कापलेले ९,२५० वाचले असते. वरचे पैसे माझ्या गाडीला साधारण सतराशे पडले. गाडी पाच वर्षांची झाली की बऱ्याच कंपन्या झिरो डेप देत नाहीत किंवा वर्षाला दोनच क्लेम वगैरे अटी घालतात, तेव्हा घ्यायचं तर आधी. पॉलिसी मात्र काकांकडूनच घेतली, त्याच कंपनीची, ॲपपेक्षा आठशे रुपये जास्त देऊन.

गुहागर, मंडणगड, लांजा, देवगडकडच्यांनी ही कंपनी घ्यायची असेल तर आधी त्यांच्या साइटवर आपला पिनकोड टाकून कॅशलेस गॅरेजची यादी बघा. यादीत नाव असतं पण फोन केला की कळतं आम्ही त्यांचं काम बंद केलंय, म्हणून यादीतल्या गॅरेजला स्वतः फोन करा. माझ्या नणंदेला मंडणगडहून जवळचं म्हणून दाखवलेलं गॅरेज महाडचं निघालं, आणि तेही यादीतून कधीच बाहेर पडलेलं होतं.